गणपतराव देशमुख: ११ वेळा आमदार, पण नोंद नेमकी कशी लिहायची?

कोरडवाहू (धागाकर्ता)

माजी आमदारांवर छोट्या नोंदी लिहिण्याचं काम चालू आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख हातात घेतले आणि पहिल्याच ओळीला अडलो. जन्म पेनूरचा (ता. मोहोळ), वकिली सांगोल्यात, पक्ष आयुष्यभर एकच, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष). निधन ३० जुलै २०२१, सोलापूर. इथवर वाद नाही.

पुढे मात्र प्रत्येक लेखात वेगळंच. कुणी '११ वेळा', कुणी '५५ वर्षं आमदार', कुणी 'देशातला विक्रम', तर कुणी थेट 'जागतिक विक्रम'. निवडणूक आयोगाच्या अहवालांतून मोजलं तर माझी बेरीज १० वर थांबते. चुकतंय कुठे?

दुसरा प्रश्न: 'एसटीने फिरणारा साधा आमदार' सोडून या माणसाच्या कारकिर्दीत नोंदवण्याजोगं काय?

आकडेमोड्या

तुमची बेरीज १० येणारच. आयोगाचे जे सांख्यिकी अहवाल आहेत ते सार्वत्रिक निवडणुकांचे. पोटनिवडणुका त्यात नसतात. गणपतराव १९७२ ला पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. तुमची गळलेली टर्म तीच.

जिंकले: १९६२, १९६७, १९७४ (पोट), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा, ११.
पडले: १९७२ आणि १९९५.

माजी आमदारांच्या नोंदींत हा घोटाळा हमखास होतो. अहवालांच्या यादीत दोन टर्ममध्ये भोक दिसलं की आधी पोटनिवडणूक शोधायची, मगच 'सलग' किंवा 'खंड पडला' असं लिहायचं.

शंकासूर

मग ५५ वर्षं कुठून आली?

आकडेमोड्या

११ गुणिले ५. दुसरं काही नाही.

दोन टर्म पूर्ण पाच वर्षांच्या नव्हत्याच. १९७४ ला मिळाली ती उरलेली टर्म, १९७८ पर्यंत, म्हणजे चारच्या आसपास. १९७८ ची विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली, ती दोन वर्षांची. म्हणून:

१९६२ ते ७२ = १०
१९७४ ते ८० = सुमारे ६
१९८० ते ९५ = १५
१९९९ ते २०१९ = २०

एकूण ५१ च्या आसपास. काही ठिकाणी ५४ छापलंय. ते १९६२ पासून २०१९ पर्यंतच्या ५७ वर्षांतून थोडंफार वजा करून आलं असावं. दोन पराभवांची मिळून सहासात वर्षं वजा करायला हवीत, ती केलेली नाहीत.

बाकावरचा

वर्षं आणि टर्म यांत फरक करण्याला व्यवहारातही अर्थ आहे. महाराष्ट्रात माजी आमदाराचं निवृत्तिवेतन ठरतं ते वर्षांवर, किती वेळा निवडून आला त्यावर नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी दरमहा ५० हजार आणि त्यापुढच्या दर वर्षाला २ हजारांची भर. म्हणजे ११ टर्मला ५५ धरणाऱ्याचा हिशेब सरकारी तिजोरीत महिन्याला आठ हजारांनी चुकेल :)

मुद्देसूद

'देशातला विक्रम' हे वाक्य नोंदीतून काढाच. २००९ मध्ये ते दहाव्यांदा निवडून आले तेव्हा करुणानिधींशी बरोबरी झाल्याच्या बातम्या आल्या आणि २०१४ ला विक्रम मोडल्याच्या. तेच आजवर नकलून चाललंय. पण करुणानिधींचे विजय मोजून बघा: १९५७, ६२, ६७, ७१, ७७, ८०, ८९, ९१, ९६, २००१, २००६, २०११, २०१६. एकूण १३, आणि विधानसभेला एकदाही पराभव नाही. २०१४ मध्येसुद्धा ते १२ वर होते.

'एकाच मतदारसंघातून' अशी पुस्ती जोडली तरी निभत नाही. केरळात के. एम. मणी पाला इथून १९६५ पासून २०१६ पर्यंत प्रत्येक निवडणूक जिंकत गेले. १९६५ ची विधानसभा भरलीच नाही, ती वगळली तरी १२ होतात. ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा.

माणगंगा

@मुद्देसूद, करुणानिधींनी मतदारसंघ बदलले की. कुळितलैपासून तिरुवारूरपर्यंत. आणि १९९१ चा विजय मिळाल्यावर राजीनामा दिला. तो कसा मोजायचा?

मुद्देसूद

निवडून आले म्हणून मोजायचा, बसले म्हणून नाही. तो वगळा, तरी २०१४ ला ११ राहतात. म्हणजे बरोबरी, विक्रम नाहीच. मणींचं काय करणार?

माणगंगा

मणींपुढे हात टेकले. पण महाराष्ट्रापुरता विक्रम निर्विवाद आहे ना?

आकडेमोड्या

आहे. त्यांच्या खाली कालिदास कोळंबकर, २०२४ ला नवव्यांदा. तिथे नायगावचं पुनर्रचनेत वडाळा झालं, आणि शिवसेना, काँग्रेस, भाजप असे तीन पक्ष झाले. बाळासाहेब थोरात आठ. सांगोल्याची खासियत अशी की तालुका तोच, पक्ष तोच. नोंदीत 'महाराष्ट्र विधानसभेत सर्वाधिक, ११ वेळा, एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षातर्फे' एवढं लिहा. त्याला कुणी हात लावू शकत नाही.

एक पथ्य पाळा. २००८ च्या पुनर्रचनेनंतर मतदारसंघांच्या हद्दी हलल्या. २००४ आणि २००९ ची मतं शेजारी मांडून 'एवढे टक्के वाढले' असं लिहू नका. नाव तेच, मतदार सगळे तेच नाहीत.

खटारा

एसटीबद्दल: लाल गाडीत पुढच्या एका बाकावर 'आमदार / खासदार' असं रंगवलेलं असायचं. ती पाटी रंगवण्याचा खर्च महाराष्ट्रात एका माणसामुळे वसूल झाला.

शंकासूर

आता माझा सूर. साधेपणाचं कौतुक पुरे. ५१ वर्षं एक माणूस आमदार आणि तालुका दुष्काळी तो दुष्काळीच. साधा होता की निष्प्रभ होता, हे नोंदीत कोण लिहिणार?

टेलएन्ड

@शंकासूर, प्रश्न रास्त आहे, पण पाणी कुठून येतं ते न बघता विचारलाय.

सांगोला हा जवळजवळ प्रत्येक योजनेच्या शेपटाला आहे. नीरा उजवा कालवा: पाणी वीर धरणातून निघतं, फलटण, माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्याला येतं. टेंभू: कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी ओलांडून माणच्या खोऱ्यात. म्हैसाळ उपसा योजनेचंही तेच. कालव्याच्या शेपटाला असण्याचा अर्थ असा: आवर्तन (ठरलेल्या दिवसांपुरतं कालव्याला सोडलेलं पाणी) सुटलं की वरचा गेट उघडतो, तो वेळेत बंद होत नाही, वाटेत कालवा पाझरतो, विद्युतपंप बसलेले असतात, आणि तळाशी पाणी पोचेपर्यंत आवर्तनाचे दिवस संपलेले असतात. कागदावर तालुक्याचा कोटा पूर्ण, शेतात चारी (कालव्यातून शेताकडे जाणारा छोटा पाट) कोरडी. म्हणून 'टेल टू हेड', म्हणजे आधी शेवटच्या चारीला आणि मग वर, ही मागणी सांगोल्याच्या राजकारणात मुख्य मागणी आहे. बाहेरच्याला तो तांत्रिक तपशील वाटतो.

आणि हे पाणी एका तालुक्याच्या आमदाराने भांडून येणारं नव्हतं. १९९३ पासून आटपाडीला जी पाणी परिषद भरत आली तिच्यात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि डॉ. भारत पाटणकर ही तीन नावं एकत्र होती. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतले मिळून १३ दुष्काळी तालुके. मागणी नुसती 'पाणी द्या' अशी नव्हती. समन्यायी वाटप, म्हणजे जमिनीच्या एकरांवर नाही तर कुटुंबाच्या हिशेबाने, भूमिहीनालासुद्धा वाटा. आटपाडीत पुढे उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळ्यांतून वाटप आलं, त्याचं मूळ इथे आहे.

माणगंगा

+१. आणि वेळ बघा. बच्छावत लवादाने कृष्णेचं महाराष्ट्राच्या वाट्याचं पाणी ठरवून दिलं होतं (५६० टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, अधिक पुनरुद्भवाचं, म्हणजे वापरानंतर झिरपून नदीत परत येणारं), आणि ३१ मे २००० नंतर फेरविचाराची मुभा होती. तोवर पाणी अडवलं नाही तर दावा लंगडा, ही भीती. म्हणून १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ निघालं, कर्जरोखे काढले, एकदम सगळीकडे कामं सुरू केली आणि सगळीच अर्धी राहिली. टेंभू त्यातलीच. अर्धवट योजनेत डोक्याकडचं काम आधी होतं, शेपूट शेवटी.

शंकासूर

मान्य, पण १९७८ ला मंत्री होते, १९९९ ला परत मंत्री होते. तेव्हा?

बाकावरचा

१९७८ चं पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार: जुलै १९७८ ते फेब्रुवारी १९८०. दीड वर्ष. त्या वेळी टेंभू कागदावरही नव्हती.

१९९९: विलासरावांचं आघाडी सरकार, शेकापचे आमदार मूठभर. २००२ ला रायगड जिल्हा परिषदेवरून राष्ट्रवादीशी बिनसलं आणि शेकाप सरकारातून बाहेर. गंमत बघा, भांडण अलिबागचं, मंत्रिपद गेलं सांगोल्याचं. शेकापचे खरे दोन पक्ष आहेत, रायगडचा आणि सोलापूरचा, मध्ये सह्याद्री.

नोंदीत एक गोष्ट राहून जाते ती जोडा. १९७७-७८ ला ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. शेकापकडे ते पद आधीही होतं, १९६२ ते ७२ कृष्णराव धुळपांकडे. आज एक आमदार असलेल्या पक्षाचं हे वाचून नव्या वाचकाला छापण्याची चूक वाटेल.

शंकासूर

म्हणजे काय, मंत्री म्हणून शून्य, विरोधक म्हणून थोर?

टेलएन्ड

शून्य कशाला. पण मोजायचं असेल तर तालुक्यात काय उभं राहिलं ते मोजा. शेतकरी सहकारी सूतगिरणी. राज्यात सहकारी सूतगिरण्या कशा बुडतात ते सर्वांना ठाऊक आहे: भागभांडवलात सरकारचा मोठा वाटा, त्यामुळे कुणालाच आपली वाटत नाही; हंगामात कापूस घ्यायला खेळतं भांडवल नाही, मग व्यापाऱ्याकडून चढ्या भावात गाठी; चात्या जुन्या, वीजबिल थकलेलं, नोकरभरती मतांसाठी. सांगोल्याची गिरणी चालली, आणि तीही जिथे कापूस फारसा पिकत नाही अशा तालुक्यात. हे कारकिर्दीत धरायचं की नाही?

डाळिंबदाणा

आणि डाळिंब. ते मात्र फक्त त्यांच्या नावावर मांडू नका. १९९० ला रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. खड्डे, कलमं, मजुरी असं सगळं अनुदानात. कोरड्या, निचऱ्याच्या, हलक्या जमिनीत डाळिंब मानवतं. आधी गणेश वाण, मग भगवा. ठिबक आलं, प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आली. तालुक्याचा चेहरा बदलला तो या सगळ्यांनी मिळून. आमदाराचा वाटा योजना तालुक्यात राबवून घेण्याचा. पुढे तेल्या रोगाने बागा बसल्या. पावसाळी ढगाळ हवेत, मृग बहारात तो जास्त पसरतो, म्हणून लोक हस्त बहाराकडे वळले. त्याचं खापरही त्यांच्यावर फोडता येणार नाही.

खटारा

धागा डाळिंबावर आला. आता तेल्यावर औषध विचारणारा एक प्रतिसाद येईल बघा.

निंबोणी

बोर्डो चालतं का तेल्याला?

डाळिंबदाणा

@निंबोणी, चालतं, पण फळं लागल्यावर जोरात मारलं तर फळावर डाग उठतात. वेगळा धागा काढा, इथे गणपतरावांना बसू द्या.

मुद्देसूद

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. 'सभागृहात काय केलं' हे लिहायचं असेल तर वर्तमानपत्रांच्या श्रद्धांजल्यांवर जाऊ नका. विधिमंडळाच्या कार्यवाहीचे खंड बघा. पद्धत अशी:

सदस्य परिचयाची पुस्तिका आधी घ्या, पण ती सदस्याने स्वतः भरलेल्या माहितीवर असते. तारखा ताडून घ्या. मग अधिवेशनवार कार्यवाही. शोधायचं काय? तारांकित प्रश्नांची (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) संख्या मोजू नका. एका प्रश्नावर दहादहा नावं असतात. पहिलं नाव कुणाचं आणि उपप्रश्न कुणी विचारला ते बघा. नियम १०५ ची लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) आणि नियम २९३ खालची चर्चा यांतली भाषणं वाचा. तिथे माणूस कळतो. अर्थसंकल्पावरच्या मागण्यांतल्या चर्चेत सिंचनाचा दिवस तर सोडूच नका.

शेवटचं: मंत्री सभागृहात 'कार्यवाही करण्यात येईल' म्हणाला की ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समितीकडे जातं. जुन्या सदस्याचं कसब उपप्रश्न असा विचारण्यात असतं की मंत्र्याच्या तोंडून हे तीन शब्द निघावेत. नवीन सदस्य आरडाओरडा करतो, मंत्री 'माहिती घेऊन सांगतो' म्हणून सुटतो आणि कागदावर काहीच उरत नाही.

आकडेमोड्या

शपथपत्रांबद्दलही सांगून ठेवतो. मालमत्तेची शपथपत्रं महाराष्ट्र विधानसभेला २००४ पासूनची मिळतील, त्याआधीची नाहीत. म्हणजे या कारकिर्दीतल्या फक्त शेवटच्या तीन विजयांची. 'आयुष्यभर एवढीच संपत्ती' असं कुणी लिहिलं तर आधाराला कागद तीनच. आणि शपथपत्रातल्या वयावरून जन्मवर्ष काढू नका, पूर्ण झालेली वर्षं लिहिलेली असतात, एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

शंकासूर

१९९५ च्या पराभवाबद्दल कुणीच बोलत नाहीये.

माणगंगा

१९९५: काँग्रेसचे शहाजीबापू पाटील १९२ मतांनी जिंकले. तेच 'काय झाडी, काय डोंगर'वाले. पुढे शिवसेनेत गेले, २०१४ ला पुन्हा गणपतरावांसमोर, पंचवीसेक हजारांनी पडले. २०१९ ला गणपतराव वयामुळे थांबले, नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे, आणि बापू ७६८ मतांनी जिंकले. अडीचशे-तीनशे मतदान केंद्रं धरली तर केंद्रामागे फार तर तीन मतं.

@शंकासूर, हेच बघा. ११ वेळा निवडून आले म्हटलं की वाटतं तालुका खिशात होता. तसं नव्हतं. शेकापचं मत पक्कं, पण ते एकट्याने पुरत नाही. दीपकआबा साळुंखे यांचा गट जिकडे झुकेल तिकडे पारडं. ते बरोबर असताना विजय, २०१९ ला ते बापूंकडे गेले आणि ७६८ ने हार. २०२४ ला आबा स्वतः ठाकरे गटाकडून उभे राहिले, तिरंगी झाली, आणि दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख २५ हजारांवर मतांनी आले. आज विधानसभेत शेकापचे तेवढेच एक.

शंकासूर

म्हणजे घराणेशाही झालीच की. समाजवादी विचारांचा पक्ष, तिसरी पिढी.

बाकावरचा

मुलाला आणलं नाही, नातवाला आणलं. एक पिढी गाळली, एवढी सवलत द्या :)

गंभीरपणे: हा त्या पक्षाचा खरा प्रश्न आहे. २०१४ ला तीन आमदार, २०१९ ला एक, २०२४ ला एक. सांगोल्यात पक्ष टिकला तो घराच्या नावावर, हे नोंदीत लिहायला हरकत नाही. धनगर समाजाचं मोठं मतदान हाही घटक लिहा, पण एकटा तोच लिहू नका, नाहीतर १९७२ आणि १९९५ चा उलगडा होत नाही. समाज तेव्हाही तिथेच होता.

निंबोणी

पुतळ्याच्या अनावरणाला पवार आणि फडणवीस एकत्र होते ना?

माणगंगा

हो, ऑगस्ट २०२३, सांगोला. सगळ्या वाहिन्यांनी व्यासपीठावर कोण कुणाशेजारी बसलं ते दाखवलं. पुतळा कुणाचा ते चौथ्या वाक्यात.

शंकासूर

असो. माझी शंका मी मागे घेत नाही, दुरुस्त करतो. निष्प्रभ नाही, पण सत्तेच्या बाहेरून पाणी आणायला चाळीस वर्षं लागतात हे खरं. आणि आणल्यावर वीजबिल कोण भरणार हा प्रश्न उरतोच.

टेलएन्ड

तो सुटलाय, निदान कागदावर. उपसा योजनांचं वीजबिल ८१ टक्के शासन, १९ टक्के लाभधारक. आधी सगळा भार पाणीपट्टीवर होता. बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की पट्टी कोण देणार, पट्टी नाही की बिल थकलं. हे चक्र कित्येक हंगाम चाललं. आता १९ टक्के वसूल करतानाही वरच्यांनी भरून खालच्यांना पाणी नाही असं होतं, किंवा उलटं. पण पंप फिरतात.

कोरडवाहू (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. बेरीज जुळली. मसुदा असा:

"गणपतराव देशमुख (निधन ३० जुलै २०२१): शेतकरी कामगार पक्ष. सांगोला मतदारसंघातून १९६२ ते २०१४ दरम्यान ११ वेळा विजयी, त्यात १९७४ ची पोटनिवडणूक. १९७२ व १९९५ मध्ये पराभूत. महाराष्ट्र विधानसभेत सर्वाधिक वेळा निवडून आलेले सदस्य. एकूण सदस्यत्व सुमारे ५१ वर्षे. १९७७-७८ विरोधी पक्षनेते. १९७८ व १९९९ च्या सरकारांत मंत्री. १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी चळवळीत व समन्यायी पाणीवाटपाच्या मागणीत पुढाकार. सांगोल्यात सहकारी सूतगिरणीची उभारणी."

एसटी गाळली. चालेल?

आकडेमोड्या

चालेल. '१९६२ ते २०१४ दरम्यान' वाचून कुणाला वाटेल २०१४ ला संपलं. 'ऑक्टोबर २०१९ पर्यंत सदस्य' हे जोडा. आणि आयोगाच्या यादीत शोधताना 'सांगोला' टाकून सापडलं नाही तर घाबरू नका, तिथे मतदारसंघाचं नाव 'सांगोले' आहे, क्रमांक २५३.

खटारा

एवढी वर्षं निवडून दिलं आणि आयोगाला गावाचं नाव नीट लिहिता येईना. त्यावर तारांकित प्रश्न टाका कुणीतरी. पहिलं नाव माझं.